घरी मोजलेला ऑक्सिजन, रुग्णालयाची नोंद

साथीत बाहेरचं ॲप रुग्णालयाच्या रेकॉर्डला जोडायचं म्हटलं की सल्ला देणारे एपीआयवरच, म्हणजे दोन संगणकप्रणालींनी एकमेकींशी बोलायच्या जोडणीवरच अडतात. ते काम सोपं आहे. लॉगिनला ओऑथ (ॲपला पासवर्ड न देता परवानगी देण्याची पद्धत) वापरा, रुग्णाची संमती लेखी ठेवा आणि माहिती एफएचआयआर, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या 'फायर'च्या, आरोग्याच्या नोंदींसाठी ठरलेल्या साच्यात पाठवा. ऑक्सिमीटरच्या आकड्याला लॉइंक (तपासण्यांच्या ठरलेल्या कोडांची यादी) कोड ५९४०८-५, एकक टक्के. तापमान फॅरनहाइट की सेल्सिअस, हे ॲपवाल्यांना आधीच विचारा.

खरी जोखीम पुढे आहे. आकडा कुणाचा?

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत आम्ही मोबाइल नंबरावरून रुग्ण ओळखत होतो. नंबर म्हणजे पक्की ओळख, असं आम्हाला सांगितलं गेलं होतं. पण घरात माणसं पाच, नंबर मुलाचा आणि ऑक्सिमीटर एकच. एका रात्री सुनेच्या नावापुढे ऑक्सिजन ८८ उमटला, म्हणजे धोक्याचा आकडा. नर्सताईंनी लगेच फोन लावला. "मी बरी आहे, आत्ताच भाकऱ्या केल्या," सून म्हणाली. नर्सताई फोन ठेवणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आत्ता बोट कुणी लावलं होतं?" सासूबाईंनी! रुग्णवाहिका वेळेत पोचली. पण तो प्रश्न त्यांना सुचला नसता तर, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

म्हणून मोबाइल नंबर फक्त शोधायला वापरा, जुळवायला कधीही नाही. नाव आणि जन्मतारखेवरही विसंबू नका. आपल्याकडे कितीतरी ज्येष्ठांची कागदावरची जन्मतारीख १ जूनच असते. नोंदणीच्या वेळीच प्रत्येकाला केसपेपरच्या नंबराशी बांधलेला वेगळा क्यूआर कोड द्या. प्रत्येक मोजणीआधी ॲपने ठळक अक्षरांत विचारलंच पाहिजे, "आत्ता कोण मोजतंय?" ॲपवाले म्हणतील, एक टप्पा वाढतो. वाढू द्या.

शंका असलेला आकडा रेकॉर्डमध्ये घालू नका, पण टाकूनही देऊ नका. त्याची वेगळी यादी ठेवा. त्या यादीत ९४ च्या खाली काही दिसलं, तर आधी त्या घरी फोन करा आणि घरातल्या प्रत्येकाची चौकशी करा. जुळवाजुळव नंतर.

मोजल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ वेगळ्या साठवा. नेट नसलेल्या फोनमधला सकाळचा आकडा रात्री येतो. यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आणि आपली वेळ यांतला साडेपाच तासांचा फरकही तपासा.

सुरू करण्याआधी एकाच फोनवरून तीन खोटे रुग्ण नोंदवा. आडनाव एक, जन्मतारीख तिघांचीही १ जून. तिन्ही आकडे आपापल्या केसपेपरवर गेले, की मगच खऱ्या रुग्णांच्या हाती ॲप द्या.