टाकीतला पेट्रोल पंप घोंघावतोय? पंप बदलण्याआधी हे तपासा

चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घर्रर्र ऐकू येते, तो चांगल्या पंपाचा आवाज. पंप लाइनमध्ये दाब भरतो, थांबतो आणि इंजिन सुरू झालं की पुन्हा चालू होतो. काळजी करायची ती गाडी चालत असताना मागून सतत ‘सूंऽऽ’ येऊ लागलं, उन्हात किंवा ट्रॅफिकमध्ये ते वाढलं आणि सोबत पिकअप गेला, तर. २०००च्या आसपासच्या सँट्रो, वॅगन-आर, झेन अशा इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांमध्ये हा प्रकार नेहमीचा. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा थेट नवा पंप बसवला जातो. पण पंप ओरडतो तेव्हा अनेकदा तो स्वतः बिघडलेला नसतो, त्याला पेट्रोल कमी मिळत असतं. ते कारण शोधलं नाही तर नवा पंपही काही महिन्यांत ओरडतो.

आधी आवाज पंपाचाच आहे ना, हे पक्कं करा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून रेस द्या. रेसबरोबर आवाज चढला-उतरला तर दोष अल्टरनेटर, टेन्शनर किंवा बेल्टच्या बेअरिंगमध्ये शोधा. या गाड्यांमधला पंप एकाच वेगाने फिरतो, त्यामुळे रेसने त्याचा सूर फारसा बदलत नाही. बोनेटखालची टिकटिक इंजेक्टरची असते, तिच्याकडे दुर्लक्ष करा. कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुती ८००ला यातलं काहीच लागू नाही. तिचा पंप इंजिनावर असतो आणि कॅमवर चालतो.

पंपाची मोटर पेट्रोलमध्ये बुडून फिरते. तेच पेट्रोल तिला थंड ठेवतं आणि वंगणाचंही काम करतं. पेट्रोल कमी पडलं की तोंडाशी वाफेचे बुडबुडे होतात, ते आत फुटतात आणि घोंघावणं सुरू होतं. म्हणून पहिली चाचणी अगदी स्वस्त आहे: टाकी अर्धी भरा आणि एक फेरी मारून या. आवाज गेला तर कायम रिझर्व्हवर गाडी चालवायची सवय सोडा. सीएनजी बसवलेल्या गाड्यांचे पंप सर्वात जास्त इथेच मरतात. बाहेरून बसवलेल्या बऱ्याच किटमध्ये गॅसवर असतानाही पेट्रोल पंप फिरतच राहतो, आणि टाकीत जेमतेम दोन लिटर असतं. पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका आणि रोज काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

दुसरी चाचणी टाकीच्या झाकणाची. आवाज येत असताना गाडी थांबवून झाकण सैल करा. हवा जोरात आत ओढली गेली आणि आवाज लगेच उतरला, तर झाकणाचा व्हॉल्व्ह किंवा कॅनिस्टरची (टाकीतली पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या डब्याची) नळी तुंबली आहे. टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि पंपाला पेट्रोल ओढताना जोर लावावा लागतो.

मग फिल्टर. पंपाच्या पुढे तुंबलेला फिल्टर असला की पंपावर उलटा दाब येतो, सूर चढतो आणि चढावर गाडी मिसिंग करते. मागच्या ४० हजार किमीत बदलल्याची नोंद नसेल तर तपासत बसू नका, बदलून टाका.

वायरिंगकडे सहसा कोणी बघत नाही. इंजिन चालू असताना आधी बॅटरीवर मल्टिमीटर लावा: १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत. मग पंपाच्या कपलरला मागून पिन लावून मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर रिले, गंजलेली पिन किंवा अर्थिंग दोषी. कमी व्होल्टेजवर पंप जड, घोगरा वाजतो आणि दाबही पडतो. उलट बॅटरीवरच १५च्या वर दिसले तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेला आहे. पंप गरजेपेक्षा जोरात फिरतोय.

दाब मोजायला गेज लागतो. रिटर्न लाइन (जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) असलेल्या गाडीत आयडलला साधारण २.५ बार आणि पेट्रोलचा दाब राखणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढल्यावर ३ बारच्या आसपास दिसतात; नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. दाब कमी आला तर रबरी रिटर्न नळी एक-दोन सेकंदच दाबून धरा. काटा झटकन वर गेला तर पंप ठीक, रेग्युलेटर खराब. नाहीच गेला तर टाकी उघडायची वेळ आली.

हे काम बंद शेडमध्ये किंवा बल्ब लटकवून कधीही करू नका. आधी पंपाचा फ्यूज काढा, इंजिन आपोआप बंद पडू द्या, दोन सेकंद सेल्फ मारा, दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. अग्निशामक हाताशी ठेवा. सीटखालचं झाकण असेल तर आसपासची धूळ ब्रशने आधी साफ करा, नाहीतर ती सगळी टाकीत पडते. काही गाड्यांत मात्र टाकीच खाली उतरवावी लागते; तेव्हा ती जवळजवळ रिकामी असली पाहिजे. लॉक रिंग लोखंडी छिन्नीने ठोकू नका, ठिणगी उडते. लाकडी किंवा पितळी तुकडा वापरा. पंप बाहेर काढताना पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या गेजचा फ्लोट वाकू देऊ नका.

आता तळाची जाळी बघा. काळी, चिकट किंवा तांबूस गंजाने भरलेली असेल तर गुन्हेगार सापडला. जाळी धुऊन परत लावू नका, नवी घाला. गंज असेल तर टाकीही साफ करून घ्या. इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी ओढून घेतं आणि जुना साचलेला मळ सुटा करतं. त्यामुळे गाडी बराच काळ उभी राहिली असेल तर जाळी लवकर भरते. पंपाभोवतीचं रबर कडक झालं असेल तर चांगला पंपही पत्र्यावर थरथरतो आणि केबिनमध्ये गुणगुणतो. ते रबर फार थोड्या पैशांत मिळतं.

जाळी स्वच्छ, व्होल्टेज पूर्ण, फिल्टर नवा, तरीही दाब नाही, तेव्हाच पंपाची मोटर बदला. तिच्यासोबत जाळी, ओ-रिंग आणि आतली छोटी नळी नवीच घ्या. ही नळी पेट्रोलमध्ये बुडून राहणारी, त्याच कामाची हवी. बाजारातली साधी रबरी नळी आतून-बाहेरून फुगते, सुटते आणि गाडी रस्त्यात बंद पडते. नवा पंप पेट्रोलशिवाय एक सेकंदही फिरवून बघू नका. बसवल्यावर चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करून दाब भरा, प्रत्येक जोड बोटाने चाचपा, आणि सगळे जोड कोरडे असल्याची खात्री झाल्यावरच सेल्फ मारा.