टाळाटाळीचा तो एक क्षण पकडा

‘रोज व्यायाम करायचा’ हा संकल्प मोडतो तो एका क्षणी. बूट समोर असतात आणि हात मोबाईलकडे जातो. तिथेच थांबा. तीन श्वास सावकाश घ्या, अंगात आळस आहे की धास्ती, ते नुसतं बघा. स्वतःवर चिडू नका. मग फक्त बुटाची लेस बांधा, बाकीचं नंतर. संकल्पही नेमका हवा: ‘दात घासून झाले की बूट घालणार.’ अशा ‘अमुक झालं की तमुक’ योजनांचा मोठा परिणाम मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी १९९९ मध्ये मांडला. आणि घाई नको. लंडनमधल्या एका अभ्यासात सवय पक्की व्हायला माणसागणिक १८ ते २५४ दिवस लागतील असं दिसलं. मधल्या एखाद्या खाड्याने फारसं बिघडलं नव्हतं.