केडम्प: एनएफएस माउंट होत नव्हते, ते असे सुटले

लिनक्सचा कर्नल क्रॅश झाल्यावर केडम्पचा (क्रॅशच्या वेळची मेमरी फाइलमध्ये साठवणारी सोय) दुसरा कर्नल सुरू व्हायचा, पण एनएफएस (नेटवर्कवरचे सामायिक फोल्डर) माउंट टाइमआउट व्हायचे. एरवी तेच शेअर व्यवस्थित माउंट होत होते. डोकं फिरायचीच वेळ. क्रॅशकर्नलची (त्या दुसऱ्या कर्नलसाठी राखून ठेवलेली) मेमरी वाढवली, सर्व्हरच्या नावाऐवजी आयपी दिला, उपयोग शून्य.

सिरीयल कन्सोलवर उलगडा झाला: नेटवर्क कार्डाची ‘लिंक अप’ ओळ माउंट फसल्यानंतर येत होती.

आधी /ईटीसी/सिसकॉन्फिग/केडम्प उघडा. ‘केडम्प_कमांडलाइन_अपेंड’च्या अवतरणचिन्हांत, आधीचे काही न पुसता, शेवटी ‘आरडी.नेट.टाइमआउट.कॅरिअर=६०’ जोडा, म्हणजे लिंक येण्याची ६० सेकंदांपर्यंत वाट पाहिली जाते. मग ‘सिस्टिमसीटीएल रिस्टार्ट केडम्प’. हे राहिलं तर जुनीच कमांडलाइन लोड राहते. चाचणीसाठी /प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर या फाइलमध्ये ‘सी’ लिहा (मशीन खरोखर कोसळते, चालू कामाच्या सर्व्हरवर नको). आता व्हीएमकोअर (साठवलेल्या मेमरीची फाइल) शेअरवर पोहोचते.