नवीन फिफ्थ व्हील घेतलंय? आधी त्याची लाईट समजून घ्या

फिफ्थ व्हील, म्हणजे पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यातल्या हिचला जोडायचा राहायचा मोठा ट्रेलर, ताब्यात घेताना डीलरचा माणूस तासाभरात सगळं दाखवून मोकळा होतो, हे बटण दाबलं की स्लाइड (खोलीचा सरकणारा भाग) बाहेर, ते दाबलं की जॅक खाली, इथे पाणी, इथे गॅस, आणि घरी पोचेपर्यंत त्यातलं निम्मं डोक्यातून गेलेलं असतं. बाकीचं हळूहळू जमतं हो, पण लाईटचं तसं नाही, तिथे एकदा चुकीच्या पॉइंटला प्लग लावला तर मायक्रोवेव्ह, कन्व्हर्टर, एसीचा बोर्ड, टीव्ही सगळं क्षणात जळू शकतं. म्हणून इथे अमेरिकेत नवीन ट्रेलर घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो, आतली कुठली वस्तू कशावर चालते ते आधी पाठ करा आणि मगच कॅम्पग्राउंडचं बुकिंग करा.

ट्रेलरमधे लाईटच्या दोन वेगळ्या लायनी असतात. एक १२ व्होल्ट डीसी, ही बॅटरीतून येते, आणि तिच्यावर आतले दिवे, पाण्याचा पंप, फर्नेसचा (गॅसवरच्या हीटरचा) पंखा, स्लाइड, लेव्हलिंग जॅक, गॅस डिटेक्टर हे सगळं चालतं, इतकंच काय गॅसवर चालणाऱ्या वॉटर हीटरचा कंट्रोल बोर्डही १२ व्होल्टवरच असतो, त्यामुळे बॅटरी मेली की सिलिंडर भरलेला असूनही गरम पाणी नाही. दुसरी लाइन १२० व्होल्ट एसी (इथे अल्टरनेटिंग करंट, एअर कंडिशनर नव्हे), ती बाहेरून येते, कॅम्पग्राउंडच्या पेडेस्टलमधून (साइटवरचा लाईटचा खांब) किंवा जनरेटरमधून, आणि तिच्यावर एअर कंडिशनर, मायक्रोवेव्ह, भिंतीतले प्लग पॉइंट आणि वॉटर हीटरचा इलेक्ट्रिक एलिमेंट. या दोघांच्या मधे बसतो तो कन्व्हर्टर, तो १२० घेऊन १२ देतो आणि बॅटरी चार्ज करत राहतो. बॅटरीतून १२० काढायचं उलटं काम इन्व्हर्टरचं, आणि तो बऱ्याच ट्रेलरमधे नसतोच, किंवा असला तरी फक्त फ्रिजपुरता छोटा असतो. नावं सारखी वाटतात म्हणून खूप जणांचा गोंधळ होतो, रात्री कुठेतरी मोकळ्या जागी थांबले, दिवे लागतायत पण मायक्रोवेव्ह चालत नाही, मग वाटतं ट्रेलर बिघडला. बिघडलेलं काही नसतं, इन्व्हर्टर नाही एवढंच.

काही बंद पडलं तर आधी ते १२ वरचं आहे का १२० वरचं ते ठरवा. १२ वरचं असेल तर कारमधे असतात तसे चपटे फ्यूज बघायचे, १२० वरचं असेल तर ब्रेकर, दोन्ही बहुतेक एकाच पॅनलमधे असतात. भिंतीतले दोनतीन पॉइंट एकदम गेले असतील तर बाथरूम किंवा किचनमधला जीएफसीआय (करंट गळला की तोडणारा पॉइंट) ट्रिप झालाय का बघा, दहातल्या बऱ्याच वेळा तेच निघतं.

आता ३० अँप आणि ५० अँप. मोठ्या फिफ्थ व्हीलला सहसा ५० ची कॉर्ड असते, लहानांना ३० ची. ३० च्या प्लगला तीन पाय, ५० च्या प्लगला चार. ऐकायला वाटतं की ५० म्हणजे ३० पेक्षा थोडं जास्त, पण ५० मधे दोन हॉट (करंट आणणाऱ्या) वायर असतात आणि प्रत्येकीवर ५० अँप, म्हणजे एकूण १२,००० वॅट, आणि ३० मधे फक्त ३,६००. तिपटीपेक्षा जास्त फरक आहे हा. ५० ची कॉर्ड ३० च्या पेडेस्टलला लावायला डॉगबोन अडॅप्टर मिळतो आणि तो बिनधास्त वापरा, फक्त तेव्हा हातात ३,६०० वॅटच आहेत हे लक्षात असू द्या.

घरी ड्राइव्हवेमधे ३० अँपचा पॉइंट बसवून घेणार असाल तर हा परिच्छेद इलेक्ट्रिशियनलाही वाचून दाखवा. ट्रेलरचा ३० अँपचा पॉइंट म्हणजे टीटी-३०, आणि तो १२० व्होल्टचा असतो, एक हॉट, एक न्यूट्रल, एक ग्राउंड, सिंगल पोल ३० अँप ब्रेकर आणि १० गेजची तांब्याची वायर. पण घरातल्या कामाची सवय असलेल्या माणसाला ३० अँप आणि तीन पाय म्हटलं की कपड्यांचा ड्रायर आठवतो आणि तो २४० व्होल्ट देऊन टाकतो. प्लग मस्त बसतो आणि आतलं सगळं जळतं. म्हणून काम कोणीही केलेलं असो, ट्रेलर लावायच्या आधी मल्टीमीटरने हॉट आणि न्यूट्रलमधे मोजायचं, १२० च्या आसपास आलं तरच पुढे. ५० अँपचा पॉइंट, म्हणजे १४-५०, त्याचं वेगळं आहे, तिथे दोन हॉटमधे २४० आणि प्रत्येक हॉट ते न्यूट्रल १२० असंच यायला पाहिजे. नुसती बॅटरी चार्ज करायची आणि ट्रिपच्या आदल्या दिवशी फ्रिज थंड करायचा एवढंच असेल तर घरचा साधा १५ किंवा २० अँपचा पॉइंट अडॅप्टर लावून पुरतो, त्याच्यावर एसी मात्र नको, आणि गवत कापायच्या मशीनची ती बारीक केशरी एक्स्टेन्शन तर अजिबात नको, १२ गेजची जाड आणि जमेल तितकी छोटी घ्या, आणि अर्ध्या तासाने प्लगला हात लावून गरम लागतोय का बघा.

कॅम्पग्राउंडवर पोचलात की ट्रेलर लेव्हल करायच्या, हिच सोडायच्या आधी पेडेस्टल तपासा. सगळं मांडून झाल्यावर कळलं की पॉइंट खराब आहे तर परत सगळं आवरून दुसऱ्या साइटवर जावं लागतं. पेडेस्टलचा ब्रेकर बंद करायचा, सॉकेट काळं पडलंय का, सैल आहे का बघायचं, मग नुसता ईएमएस लावून ब्रेकर चालू करायचा. ईएमएस म्हणजे असा सर्ज प्रोटेक्टर जो व्होल्टेजवर सतत नजर ठेवतो आणि साधारण १०४ च्या खाली किंवा १३२ च्या वर गेलं की लाईट तोडून टाकतो, ग्राउंड नसेल, वायरी उलट्या असतील तरी तोडतो. साधा स्वस्त सर्ज प्रोटेक्टर हे करत नाही, तो फक्त विजेचा झटका अंगावर घेतो. ५० अँपवर न्यूट्रल तुटलेला असेल तर एका बाजूच्या वस्तूंना १२० च्या खूप वर आणि दुसऱ्या बाजूला खूप कमी व्होल्टेज जातं, त्याच्यापुढे साधा प्रोटेक्टर काही कामाचा नाही. नवीन ट्रेलरसाठी पहिली खरेदी कुठली असं कोणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे, ईएमएस, खुर्च्या आणि ग्रिल नंतर. ईएमएसने सगळं ठीक दाखवलं की ब्रेकर परत बंद, कॉर्ड जोडायची, ट्रेलरकडचं टोक फिरवून लॉक करायचं, आणि मग ब्रेकर चालू. दोनेक मिनिटं काहीच होत नाही, घाबरू नका, एसीच्या कॉम्प्रेसरसाठी तो मुद्दाम थांबतो.

जुलैतल्या दुपारी आख्ख्या पार्कचे एसी एकदम चालू असतात तेव्हा व्होल्टेज पडतं, आणि व्होल्टेज पडलं की कॉम्प्रेसर जास्त अँप ओढतो आणि तापतो. आकडा १०८ च्या खाली गेला की मी ईएमएसची वाट न बघता स्वतःच एसी बंद करतो.

३० अँपवर राहायचं म्हणजे डोक्यात बेरीज चालू ठेवायची. एसी साधारण १३ अँप, वॉटर हीटरचा एलिमेंट १२, मायक्रोवेव्ह १३, हेअर ड्रायर १२ च्या वर, कन्व्हर्टर रिकामी बॅटरी भरत असेल तर तोही काही अँप खातो. एसी आणि वॉटर हीटर मिळून २५ झाले, वर मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर गेलाच. सोपा उपाय, ३० वर असताना वॉटर हीटर गॅसवर ठेवा.

आता जागेवर लावणं, इथे क्रम चुकला की त्रास. ट्रकला जोडलेलं असतानाच डावीकडे-उजवीकडे लेव्हल करायचं, खालच्या बाजूच्या चाकांखाली ब्लॉक घालून, ऑटो लेव्हलिंग असेल तर हे सोडून द्या. मग चाकांना दोन्ही बाजूंनी चॉक (अडवायच्या पाचरी), आणि चॉक लावल्याशिवाय हिचच्या हँडलला हात लावायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू दे. मग लँडिंग गिअर (ट्रेलरचे पुढचे पाय) खाली, ट्रकची मागची बाजू जराशी उचललेली दिसेपर्यंत, टेलगेट खाली, ७ पिनची वायर (ट्रेलरचे दिवे आणि ब्रेक हिच्यावर) आणि ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) काढायची, हँडल ओढायचं. हँडल घट्ट असेल तर जोर लावू नका, किंगपिनचा (ट्रेलरची जोडाची पिन) दाब जॉवर (ती धरणारा हिचचा जबडा) आलेला असतो, ट्रक केसभर मागे घेतला की सुटतो. पहिले काही इंच पुढे जाऊन थांबा, उतरून बघा, मग निघा. त्यानंतर पुढे-मागे लेव्हल, मग स्लाइड. जॅक आणि स्लाइड दोन्ही बॅटरीतून भरपूर करंट ओढतात, म्हणून कॉर्ड आधी जोडलेली असेल तर उत्तम. स्लाइड काढताना एक जण बाहेर उभा पाहिजेच, पेडेस्टल आणि झाडं कायम नेमकी त्याच बाजूला असतात.

पाण्याला प्रेशर रेग्युलेटर लावा, ४० ते ६० पीएसआय, काही ठिकाणी नळाला इतकं प्रेशर असतं की आतले जॉइंट सुटतात. पिण्याच्या पाण्याचा होस वेगळा, सांडपाण्याच्या बाजूला तो न्यायचाच नाही. आणि वॉटर हीटरचा इलेक्ट्रिक स्विच, टाकीत पाणी भरायच्या आधी चालू केला तर एलिमेंट लगेच जळतो, म्हणून गरम पाण्याचा नळ उघडून ठेवा, फुसफुस थांबून सलग धार आली की मगच स्विच. ब्लॅक टँकचा (संडासाची टाकी) व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा, भरत आला की सोडायचा, आधी ब्लॅक मग ग्रे (आंघोळ-भांड्यांच्या पाण्याची टाकी), म्हणजे ग्रेच्या पाण्याने होस धुतला जातो. गॅसच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह हळू उघडा, झटक्यात उघडला की सेफ्टी व्हॉल्व्ह अडतो आणि शेगडी मिणमिणते.

हुकअप, म्हणजे लाईट-पाणी-सांडपाण्याची जोडणी, नसलेल्या जागेचं गणित वेगळं. यलोस्टोनमधे हुकअप असलेलं फक्त फिशिंग ब्रिज आहे, बाकी बऱ्याच नॅशनल पार्कांत तेही नाही, आणि बीएलएमच्या (केंद्र सरकारचं जमीन खातं) जमिनीवर तर बहुतेक ठिकाणी १४ दिवस राहता येतं पण सगळं आपलं आपण. साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी १०० अँप-अवरची असेल तर त्यातले ५० च वापरायचे, त्याखाली नेली की आयुष्य घटतं. फर्नेसचा पंखा ८ अँपच्या आसपास घेतो, थंडीच्या रात्री मिळून पाच तास फिरला की ४० गेले, आणि १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज असेल तर सकाळपर्यंत पुरणारच नाही. लिथियम जवळजवळ पूर्ण वापरता येते पण आधी कन्व्हर्टरला लिथियम सेटिंग आहे का ते बघा, आणि शून्य डिग्री सेल्सियसच्या खाली ती चार्ज करायची नसते, हीटर असलेली किंवा आतल्या उबदार कप्प्यात बसणारी घ्या. १०० वॅटचं सोलर पॅनल चांगल्या उन्हाच्या दिवशी ३०० ते ४०० वॅट-अवर देतं, म्हणजे २५ ते ३० अँप-अवर. दिवे, पंप, फोन, फॅन सहज निघतात. एसी सोलरवर चालवायचं स्वप्न असेल तर हिशोब करून बघा, इन्व्हर्टरमधून एसी बॅटरीतून १२० अँपच्या आसपास ओढतो, १०० ची लिथियम तासभरही टिकत नाही. ट्रकच्या ७ पिनमधून चालता चालता चार्ज होतं ते अगदी थोडं, त्याच्या भरवशावर राहू नका.

जनरेटर २,००० वॅटचा असेल तर बॅटरी आणि मायक्रोवेव्ह होतो, एसी सुरू करायला मात्र साधारण ३,००० च्या वरचा लागतो किंवा एसीला सॉफ्ट स्टार्ट (सुरू होतानाचा झटका कमी करणारा भाग) बसवावा लागतो. उंचीवर त्याची ताकद दर हजार फुटांना तीनेक टक्के कमी होते, कोलोरॅडोत जाणार असाल तर हे धरून घ्या. ईएमएस जनरेटरवर एरर दाखवून लाईट सोडत नसेल तर जनरेटर बिघडलेला नाही, इन्व्हर्टर जनरेटरचा (जनरेटरचाच एक प्रकार, वरचा बॅटरीचा इन्व्हर्टर नव्हे) न्यूट्रल ग्राउंडला जोडलेला नसतो, त्यासाठी न्यूट्रल-ग्राउंड बाँडिंग प्लग मिळतो, तो जनरेटरच्या रिकाम्या पॉइंटला लावला की काम होतं. मात्र हा प्लग फक्त जनरेटरला, पेडेस्टलला किंवा घरच्या पॉइंटला कधीच नाही. धूर ट्रेलरकडे येणार नाही अशा बाजूला, लांब ठेवा, स्लाइडखाली किंवा ऑनिंगखाली (बाहेर उघडणारं कापडी छत) कधीच नाही, आणि कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टरवर छापलेली एक्सपायरीची तारीख आजच बघा.

निघताना ब्रेकर आधी बंद, कॉर्ड नंतर. परत जोडताना किंगपिनची प्लेट हिचच्या प्लेटपेक्षा जराशी खाली असू दे, म्हणजे ट्रक मागे आला की ट्रेलर थोडा उचलला जाऊन बसतो. उंच राहिली तर पिन जॉच्या वरच टेकते, लॉक झाल्यासारखं वाटतं, आणि लँडिंग गिअर उचलून निघालात की ट्रेलर ट्रकच्या बेडवर पडतो. टॉर्च घेऊन जॉ बंद झालाय का डोळ्यांनी बघा, मग ७ पिन आणि ब्रेकअवे केबल जोडा, आणि लँडिंग गिअर जमिनीला टेकलेलं असतानाच, चॉक न काढता, ट्रेलरचे ब्रेक ट्रकमधल्या कंट्रोलरने हाताने दाबून ट्रक हळूच पुढे ओढून बघा. नवीन ट्रेलर असेल तर पहिल्या ५० मैलांत थांबून चाकांचे नट टॉर्क रेंचने परत तपासायचे. घरी आल्यावर उभा करून ठेवणार असाल तर बॅटरी डिस्कनेक्ट स्विच बंद करा, नाहीतर तो एवढासा गॅस डिटेक्टरसुद्धा काही आठवड्यांत बॅटरी पार उतरवतो.