गॅसचा वेळ बघून बेत: ऑक्टोबर हीटमधला आठवडा

ठाण्यात ऑक्टोबर लागला की पाऊस ओसरतो, दमटपणा मात्र मुक्कामाला राहतो. सकाळी साडेसहाला गॅस पेटवायचा, आणि पंखा लावला तर आच फडफडते म्हणून तोही बंद. आमच्याकडे सकाळचा स्वयंपाक माझा, रात्रीचा बायकोचा. ती ऐरोलीहून येईपर्यंत आठ वाजतात. खाणारी माणसं पाच: आम्ही दोघं, आई, आठवीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा, ज्याच्या भोपळा बघूनच पोटात दुखायला लागतं. म्हणून या महिन्यात आम्ही बेत ठरवताना आधी बघतो ते गॅस किती वेळ चालणार ते. पदार्थ नंतर.

आठवड्याचा तक्ता करून फ्रिजला चिकटवायच्या भानगडीत पडू नका, तो मंगळवारपर्यंत मोडतोच. त्यापेक्षा वार बांधून घ्या. आमच्याकडे सोमवार-गुरुवार कडधान्य, मंगळवार-शुक्रवार वेलाची भाजी, बुधवारी खिचडी-कढी, शनिवारी उरलंसुरलं. रविवार मोकळा. नेमकी कुठली भाजी, ते बाजारात गेल्यावर ठरतं.

बाजार रविवारी सकाळी, जांभळी नाक्याला, ऊन चढायच्या आत. परतीच्या पावसाने पालेभाजी भिजलेली असते. जुडी वरून हिरवीगार आणि सुतळी सोडली की आत काळी. पालक-मेथीसाठी थंडीपर्यंत कळ काढा. आत्ता घ्यायचं ते दुधी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, सुरण. आणि कोथिंबिरीचा भाव ऐकून तोंड कडू करून घेण्यापेक्षा कढीपत्ता जास्त घ्या. दुधीला नख लावून बघा, सहज रुतलं की कोवळा. घरी आल्यावर चिरण्याआधी एक चकती कच्ची चाखा. कडू लागली तर थुंका आणि अख्खा दुधी टाकून द्या. कडू दुधी खरोखरच विषारी असतो आणि शिजवून त्याचा कडूपणा जात नाही. साठ रुपये गेले म्हणून कोणी त्यात गूळ घालत बसू नये.

दोडक्याच्या शिरा फेकू नका. तेलाच्या दोन थेंबांवर कुरकुरीत होईपर्यंत परता, तीळ, सुकं खोबरं, दोन हिरव्या मिरच्या आणि मीठ घालून जाडसर वाटा. भाजी जेमतेम झाली तरी डबा रिकामा येतो.

कडधान्यांना हा महिना फार चांगला. शनिवारी रात्री मूग भिजत घाला, रविवारी सकाळी निथळून फडक्यात बांधा, रात्री मोड आलेले असतात. डिसेंबरात याच कामाला आणखी एक दिवस जातो. फक्त मोड दिसले की लगेच फ्रिजमध्ये टाका. ओट्यावर राहिले तर सकाळी बुळबुळीत होतात आणि वास मारतात. कडव्या वालांना थोडा जास्त वेळ लागतो. मोड आले की कोमट पाण्यात घाला आणि सोला. सालं बोटांतून सटकतात. बिरडं करायचं म्हणजे वेळखाऊ, असं सगळे म्हणतात. पण तो वेळ पंख्याखाली बसून, टीव्ही बघत जातो, शिवाय मुलांना कामाला लावता येतं. गॅसवर बिरडं पंधरा-वीस मिनिटांत होतं.

कुकर एकदाच लावायचा, पण भरून. खाली तूरडाळ, मधे तांदूळ, वरच्या डब्यात पाणी न घालता लाल भोपळ्याच्या मोठ्या फोडी. शिट्ट्या नेहमीच्याच. त्या फोडी गार झाल्या की सालं काढून कुस्करा, दही, दाण्याचं कूट, मीठ, चिमूटभर साखर घाला, वर तुपाची जिरं-हिंग-मिरचीची फोडणी. हे भरीत गारच चांगलं लागतं, म्हणजे सकाळी करून रात्रीला ठेवता येतं. दही मात्र वाढायच्या वेळी घाला, नाहीतर आंबतं. चौथीतल्या चिरंजीवांना ‘भरीत’ एवढंच सांगायचं, कशाचं ते विचारलं तर फोन आल्याचं दाखवायचं.

खिचडीला वाटीभर तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, चार वाट्या गरम पाणी. कढी नको असेल त्या दिवशी आमसुलाचं सार करा: आठ-दहा आमसुलं चार वाट्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवून कोळायची, गूळ-मीठ घालायचं, तुपात जिऱ्याची फोडणी. उकळायचीही गरज नाही.

नवरात्रात आईचे नऊ दिवसांचे उपवास असतात. तेव्हा दोन स्वयंपाक मांडून बसायचं नाही, असं आम्ही ठरवून टाकलं आहे. संध्याकाळी सगळ्यांनाच भगर आणि दाण्याची आमटी. भगर निवडून दोन-तीन पाण्यांनी धुवा, तुपावर परता, एका वाटीला अडीच वाट्या उकळतं पाणी घालून झाकण ठेवा. या हवेत शिजलेली भगर दुसऱ्या दिवसावर ठेवू नका, नेमकीच करा. भगरीचं सुटं पीठ तर आम्ही आणतच नाही. लागलंच तर घरी मिक्सरवर काढतो. मुलांचं पोट एवढ्यावर भरत नाही, त्यांना जोडीला सकाळच्या पोळ्या.

दसरा झाला की मासे. पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारीबंदी 31 जुलैला संपते, पण श्रावण, गणपती, पितृपक्ष, नवरात्र करता करता आमच्या घरी खऱ्या अर्थाने बांगडा येतो तो दसऱ्यानंतरच. तोही तळायचा नाही. तिखलं करा. चार बांगडे साफ करून तुकडे करा, हळद-मीठ लावून ठेवा. सात-आठ ब्याडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवून बारीक वाटा. पातेल्यात हे वाटण, वाटीभर पाणी, पाच-सहा आमसुलं आणि आठ-दहा तिरफळं. तिरफळातली काळी बी काढून टाका आणि साल जरा ठेचा, ठेचलं नाही तर वास सुटत नाही. उकळी आली की बांगडे सोडा, वरून चमचाभर कच्चं खोबरेल, मंद आचेवर दहा मिनिटं. डावाने ढवळू नका, पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवा, म्हणजे तुकडे मोडत नाहीत. पाणी आटून मसाला माशाला धरला की गॅस बंद. ना कांदा परतायचा, ना नारळ खवायचा. हे तिखलं दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं, पण या दिवसांत गार झाल्या झाल्या फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. मुलांसाठी मिरच्या निम्म्या करा, ब्याडगी रंगाला असते, तरी आमचा धाकटा हुसहुस करतोच.

कोजागिरीला रात्री दूध प्यायचं असतं, तेव्हा जेवण म्हणजे नुसती भेळ. वसुबारसेपासून वार बांधलेले असले तरी सोडून द्या. त्या आठवड्यात ओटा चकलीच्या ताब्यात जातो, आणि दिवसभर बेसनाचा वास घेतलेल्या माणसांना रात्री दहीभातापलीकडे काही नको असतं.