मोजक्या कॅलरींत बेसनाचा लाडू कसा बसवावा

ठाणे स्टेशनवर उतरून गोखले रस्त्याने नौपाड्याकडे चालत जाणाऱ्याला मिठाईची दुकाने चुकवता येत नाहीत, आणि घरात बेसन भाजल्याचा वास सुटला असेल तर डबा चुकवणे त्याहून कठीण. म्हणून दिवसाला १५०० कॅलरींचा आहार ठरवला असेल, तर गोडाचा वाटा सकाळीच बाजूला काढावा आणि उरलेल्या कॅलरींत पोळी, भाजी, वरण बसवावे. जेवण झाल्यावर गोडाला जागा शोधू गेल्यास ती बहुधा उरलेली नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस यांतून येणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी. १५०० कॅलरींच्या हिशेबात ही मर्यादा सुमारे ३७ ग्रॅम साखरेची होते. दिवसातून तीन कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर घेतली, तर चमचा ५ ग्रॅमचा धरून ३० ग्रॅम तिथेच संपतात. चहातली साखर निम्मी केल्यास ६० कॅलरी वाचतात. साखरेऐवजी गूळ घेऊन मात्र काही साधत नाही, कारण वजनाला वजन धरले तर दोहोंतील कॅलरी जवळपास सारख्याच असतात.

आता लाडू. २५० ग्रॅम बेसन, १५० ग्रॅम तूप आणि २०० ग्रॅम पिठीसाखर घेतली, तर बेसनाच्या सुमारे ९५०, तुपाच्या १३५० आणि साखरेच्या ८०० अशा एकूण ३१०० कॅलरी होतात. यातून २० लाडू वळले तर एकेक १५५ कॅलरींचा होतो, आणि तेच मिश्रण ३० लाडवांत वाटले तर सुमारे १०३ कॅलरींचा. लाडू मुठीएवढा हवा, असा घरातील ज्येष्ठांचा आग्रह असतो. तो मोडण्याचे धाडस करावे. वळताना पहिला लाडू स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर २० ग्रॅमचा करून समोर ठेवला, की बाकीचे त्याच्या मापाने वळता येतात. वरील आकड्यांत साखरेपेक्षा तुपाचा वाटा मोठा आहे, हे ध्यानात ठेवल्यास ‘शुगर फ्री’ मिठाईची पाटी पाहून हुरळून जाणे टळेल, कारण तिच्यातील खवा आणि तूप तसेच असते.

उकडीचा मोदक तळणीच्या मोदकापेक्षा सोयीचा आहे, मात्र त्यावर सोडलेले तूप मोजावे: चहाच्या एका चमच्यात सुमारे ४५ कॅलरी असतात. श्रीखंडाच्या डब्यावरील आकडे १०० ग्रॅमचे असतील, तर आपली वाटी एकदा काट्यावर ठेवून किती ग्रॅमची भरते ते पाहावे. मधुमेह असल्यास हे सारे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

संध्याकाळी मासुंदा तलावाभोवती फेरी मारली म्हणून आणखी एक लाडू खाण्याचा हिशेब फसवा आहे. किलोमीटरभर चालण्यात साधारण ५०-६० कॅलरी खर्च होतात.

दिवाळीत कोणाकडे फराळाचे ताट पुढे आले, तर तळलेली चकली आणि शंकरपाळे सोडून लाडू घ्यावा. तो मोठा असेल, तर अर्धा खाऊन उरलेला कागदात बांधून मागावा. ‘घरी नेतो’ म्हटल्यावर यजमानीण नाराज होत नाही. उलट त्यासोबत आणखी दोन बांधून देते, आणि ते घरातल्या इतरांचे.