दुपारी संगणक बंद पडतो? व्हायरस शोधण्याआधी कॅबिनेट उघडा

एप्रिल लागला की सिडकोतल्या मामांचा फोन ठरलेला. "अरे, मशीन परत गेलं बघ." सकाळी जीएसटीची बिलं बिनबोभाट निघतात, दुपारी दोनच्या सुमारास पंखा घरघरायला लागतो आणि स्क्रीन काळी. मामांना व्हायरसचा संशय, दुकानदाराला नवा मदरबोर्ड विकायचा होता. आम्ही आधी तापमान बघितलं.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. प्रोसेसरचं तापमान दाखवणारं 'कोर टेम्प' किंवा 'एचडब्ल्यूमॉनिटर' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. दोन आकडे कागदावर लिहा: मशीन नुसतं चालू असतानाचा आणि पंधरा मिनिटं काम केल्यावरचा. पहिला ३५ ते ५० अंश, दुसरा ८५ च्या आत असेल तर प्रोसेसर निर्दोष. मशीन तरीही बंद पडत असेल तर एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, तपासून घ्या. बहुतेक इंटेल प्रोसेसरांची हद्द १०० अंशांच्या आसपास, एएमडीच्या बऱ्याच प्रोसेसरांची ९५. तिथे पोहोचला की प्रोसेसर आधी स्वतःच वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर मशीन बंद होतं. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर सरकतो. म्हणून नाशिकच्या थंडीत कुरकूर न करणारं मशीन मे महिन्यात चाळिशीच्या उन्हात मान टाकतं. मामांचा दुसरा आकडा होता ९७.

काम नसतानाही आकडा चढलेला असेल तर टास्क मॅनेजर उघडून कोणता प्रोग्रॅम सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, खातोय ते पाहा. कोणीच खात नसेल, तर दोष थंड करणाऱ्या यंत्रणेत.

आता वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटची डावी बाजू उघडा. मामांचं कॅबिनेट देवघराला खेटून. वर मामींनी विणलेला रुमाल, म्हणजे गरम हवा बाहेर जायची जाळीच बंद. पंख्याखाली हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पट्ट्यांवर राखाडी नमदा बसला होता. उदबत्तीच्या धुराने तो इतका चिकट झाला होता की नखाने सोलावा लागला. नुसती रस्त्यावरची धूळ असती तर फुंकरीने उडाली असती.

साफसफाई गच्चीत किंवा गॅलरीत करा. पंख्याचं पातं पेन्सिलीने अडवून मगच ब्लोअर मारा, नाहीतर पंखा भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. व्हॅक्यूम क्लीनरचं नळकांडं मदरबोर्डला लावू नका, त्याच्या स्थिर विजेने पार्ट जाऊ शकतो. एसएमपीएस तर उघडूच नका.

मग कूलर, म्हणजे हीटसिंक आणि पंख्याची जोडी, हलकेच हलवून बघा. इंटेलच्या जुन्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. त्यातली एक जरी अर्धवट वर आली तरी हीटसिंक प्रोसेसरवर नीट टेकत नाही, आणि हा दोष लोकांच्या लक्षातच येत नाही. मामांची एक खुंटी तशीच निघाली. 'टक्' आवाज येईपर्यंत दाबली.

एवढ्यानेही आकडा उतरला नाही तरच प्रोसेसर आणि कूलरच्या मधल्या थर्मल पेस्टला हात घाला. ती काही वर्षांत सुकून खडूसारखी होते. एएमडीचा कूलर सरळ ओढू नका. मशीन थोडं चालवून, बंद करून, कोमट असतानाच डावी-उजवीकडे पिळत सोडवा, नाहीतर बऱ्याच मशीनमध्ये प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येऊ शकतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी तुरीच्या दाण्याएवढी मधोमध ठेवा. ती बोटाने पसरायची गरज नाही, कूलरच्या दाबाने पसरते. स्क्रू चाकाच्या नटांसारखे समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागीच परत लावा.

पेस्ट आणायला वेळ लागणार असेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करा. टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो, आकडा बराच खाली येतो. बिलांच्या कामात वेगाचा फरक जाणवणार नाही.

शेवटी तेच काम लावून, त्याच वेळी, त्याच कागदावर नवे आकडे लिहा. मामांचे ९७ चे ७४ झाले, पेस्टला हातही न लावता. रुमाल मात्र मामींनी दुसऱ्या दिवशी परत घातला होता.